नांदणे, पटणे आणि समाधान : मुंबईतील विवाहितेला विचारलेल्या प्रश्नांचा इतिहास

सारांश

वैवाहिक समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्या अमेरिकेत तयार झाल्या आणि तेथून जगातील अनेक भाषांत गेल्या. अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना केवळ भाषांतर पुरेसे नसते, हे आता सर्वमान्य झाले आहे. तथापि ज्या समाजात ती न्यावयाची त्या समाजाने विवाहित स्त्रीला यापूर्वी कोणते प्रश्न विचारले, कोणी विचारले आणि तिची उत्तरे कोणत्या शब्दांत आली, या इतिहासाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत निबंधात गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या मराठीभाषक वस्त्यांच्या संदर्भात या इतिहासाचा १८८४ पासून मागोवा घेतला आहे. त्याच्या आधारे मराठी रूपांतरापुढील भाषिक व सामाजिक अडचणींची चर्चा केली आहे.

प्रस्तावना

विवाहितेला आपल्या संसाराविषयी काय वाटते, हे जाणून घेण्याचा शास्त्रीय प्रयत्न विसाव्या शतकात सुरू झाला. लुई टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा वैवाहिक सुखाविषयीचा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. हार्वी लॉक व कार्ल वॉलेस यांनी १९५९ मध्ये १५ प्रश्नांची छोटी कसोटी मांडली. ग्रॅहम स्पॅनियर यांची ३२ विधानांची मापनश्रेणी १९७६ मध्ये आली, तर ब्लेन फॉवर्स व डेव्हिड ओल्सन यांची १५ विधानांची श्रेणी १९९३ मध्ये आली. भारतात प्रमोद कुमार व कांचन रोहतगी यांनी १९७० च्या दशकात २५ प्रश्नांची ‘हो–नाही’ स्वरूपाची प्रश्नावली तयार केली. ती आजही विद्यापीठीय संशोधनात वापरली जाते.

या साधनांचे उर्दू, पश्तो, हिंदी अथवा मराठी रूपांतर करणाऱ्या संशोधकांपुढे सारख्याच अडचणी उभ्या राहतात. एकत्र कुटुंबात राहणारी, फारशी न शिकलेली, परक्या व्यक्तीसमोर पतीविषयी बोलण्याची सवय नसलेली स्त्री छापील विधानाशी ‘पूर्णतः सहमत’ वा ‘अंशतः असहमत’ होईल, हे गृहीतच मुळात तपासावे लागते. खैबरच्या परिसरातील पश्तोभाषक स्त्री आणि लालबागच्या चाळीतील मराठी स्त्री यांच्या जीवनात अंतर मोठे आहे. परंतु दोघींपुढे ठेवलेला कागद एकाच ठिकाणाहून आलेला आहे. म्हणूनच मराठीपुरता हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहणे उपयुक्त ठरते.

पहिली प्रश्नावली आणि पहिला नकार : १८८४ ते १८९१

ऑगस्ट १८८४ मध्ये मुंबईचे पारशी सुधारक व पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन टिपणे प्रसिद्ध केली. ती सरकारी अधिकारी व प्रतिष्ठित नागरिक यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठविण्यात आली. पुढे हिंदुस्थान सरकारनेही प्रांतिक सरकारांमार्फत मते मागविली. विवाहसंस्थेविषयी इतक्या मोठ्या प्रमाणावर मते गोळा करण्याचा हा पहिला प्रयत्न म्हणता येईल. मात्र उत्तरे देणारे जवळजवळ सर्व पुरुष होते. ज्यांच्या विवाहाची ही चर्चा होती, त्या मुलींना अथवा विधवांना कोणी विचारले नाही.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एक दावा दाखल झाला. दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिने आपल्याकडे नांदावयास यावे, अशी मागणी केली. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी झाला होता. त्यानंतर त्या आपली आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या व शिकल्या. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. दोघांचा सहवास कधी सुरूच झालेला नसल्याने तो पुनःस्थापित करण्याचा प्रश्न उद्भवत नाही, अशी त्यांची भूमिका होती. अपिलात हा निर्णय टिकला नाही आणि प्रकरण पुन्हा सुनावणीस आले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी एका महिन्यात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन हे प्रकरण तडजोडीने मिटले.

या खटल्याकडे स्त्रीहक्कांच्या दृष्टीने पुष्कळ पाहिले गेले आहे. प्रश्नावलीच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. न्यायालयापुढील प्रश्न ‘तू सुखी आहेस काय’ असा नव्हता. ‘नांदावयास जातेस की नाही’ असा तो होता. या प्रश्नाला दोनच उत्तरे होती आणि त्यांपैकी एकाची किंमत कारावास ही होती. तरीही एका मराठी स्त्रीने नकार दिला आणि तो अधिकृत दप्तरात नोंदला गेला. ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने तिने १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह व सक्तीच्या वैधव्याविषयी पत्रे लिहिली, तेव्हा मलबारींच्या चर्चेत नसलेला आवाज प्रथमच ऐकू आला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला व वयोमर्यादा दहावरून बारावर गेली. रखमाबाई लंडनहून वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

‘नांदणे’ हे क्रियापद येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीत मुलगी ‘नांदायला’ जाते, सासरचे तिला ‘नांदवतात’ किंवा ‘नांदवत नाहीत’. या शब्दात राहणे, टिकणे आणि घराशी एकरूप होणे असे तिन्ही अर्थ आहेत. तिच्या समाधानाचा अर्थ मात्र त्यात अनिवार्यपणे येत नाही. ज्या तत्त्वाखाली हा दावा चालला त्याचाच वारसा हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये आला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध मानले. नांदण्याचा प्रश्न अशा रीतीने कायद्यात कायम राहिला.

गिरणगावातील पाहण्या : संसाराचा हिशेब

विसाव्या शतकाच्या आरंभी परळ–लालबागचा परिसर गिरण्या आणि चाळींनी भरून गेला. गिरणीकामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा होते. शहरात मात्र स्त्रिया कमी होत्या. १९२१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रियांची नोंद झाली. याचा अर्थ उघड आहे. कोकणातून व घाटावरून आलेल्या असंख्य पुरुषांच्या बायका गावीच होत्या.

१९२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१–२२ मध्ये सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल फिंडले शिरास यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. शंभरातील ९७ कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहतात, हा त्या काळातील सर्वाधिक उद्धृत होणारा निष्कर्ष होय. बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या ग्रंथातही परळमधील घरांचे असेच चित्र आढळते. ज्वारी, तांदूळ, भाडे, व्याज आणि गावी पाठविलेली रक्कम यांची नोंद या पाहण्यांत बारकाईने झाली. कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीचीही चौकशी झाली आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूतिलाभ कायदा केला.

या पाहण्यांतून वैवाहिक जीवनाविषयी अप्रत्यक्षपणे बरेच कळते. पती मुंबईत आणि पत्नी रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या घरात संसाराची खूण मनिऑर्डर हीच होती. ती वेळेवर येते की नाही, तिच्यासोबत दोन ओळी असतात की नाही, शिमग्याला वा गणपतीला माणूस येतो की नाही, यांवर त्या स्त्रीचे समाधान मोजले जात असे. एकत्र घालविलेला वेळ, एकत्र केलेली करमणूक हे पाश्चात्त्य मापनश्रेणीतील निकष अशा संसाराला लावल्यास तो संसार अपयशीच ठरेल. गिरणगावात अशी लग्ने चाळीस–चाळीस वर्षे टिकली, आणि टिकली म्हणून ती सुखाची होती असेही म्हणता येत नाही. प्रश्नावलीच्या मर्यादा येथे प्रथम जाणवतात.

प्रश्न विचारणारी स्त्री : दोन दिशा

१९२७ ते १९५३ या काळात र. धों. कर्वे यांनी गिरगावातून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यापूर्वी १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या शंकांना उत्तरे देण्यात येत असत. कामजीवन, गर्भधारणा, पतिपत्नीसंबंध यांविषयी लोक नाव न देता विचारीत आणि कर्वे निःसंकोचपणे उत्तर देत. याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. अपील यशस्वी झाले नाही.

या प्रकरणाचे महत्त्व असे की, येथे प्रश्नाची दिशा उलटली. सरकारी वा विद्यापीठीय पाहणीत तज्ज्ञ विचारतो आणि सामान्य माणूस उत्तरतो. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये सामान्य माणूस विचारीत होता. कोणता प्रश्न महत्त्वाचा हे तोच ठरवीत होता, आणि तेही आपल्या शब्दांत. मराठी माणसाला विवाहाविषयी बोलावयाचे नसते, ही समजूत या स्तंभाने खोटी ठरविली. नावाची गुप्तता आणि उत्तर देणाऱ्यावरील विश्वास या दोन गोष्टी असल्या की तो बोलत असे.

याच सुमारास दुसरी दिशाही आकार घेत होती. १९२८–२९ मध्ये सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय समितीने प्रश्नावली छापून देशभर पाठविली आणि साक्षी नोंदविल्या. या समितीवर रामेश्वरी नेहरू यांच्या रूपाने स्त्रियांचे प्रतिनिधित्व होते आणि साक्षीदारांतही स्त्रिया होत्या. १८८४ च्या तुलनेत हा बदल मोठा होता. मात्र छापील प्रश्नांना लेखी उत्तर देऊ शकणारी स्त्री सुशिक्षित आणि बहुधा वरच्या वर्गातील असणे स्वाभाविक होते.

विद्यापीठाची प्रश्नावली

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे कुटुंब व विवाह या विषयांवर अनेक प्रबंध लिहिले गेले. के. टी. मर्चंट यांनी हिंदू तरुणांच्या विवाहविषयक मतांची प्रश्नावलीच्या आधारे पाहणी केली; तिच्यावरील ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. चंद्रकला हाटे यांचा हिंदू स्त्रीविषयीचा ग्रंथ १९४८ मध्ये आणि स्वातंत्र्योत्तर काळातील स्त्रीच्या बदलत्या दर्जाविषयीचा ग्रंथ १९६९ मध्ये आला. हाटे यांनी मुंबईसह महाराष्ट्रातील शहरांतील शिक्षित, मध्यमवर्गीय स्त्रियांकडून माहिती मिळविली. विवाहितेकडे थेट जाऊन तिची मते पद्धतशीरपणे नोंदविणाऱ्या आरंभीच्या मराठी अभ्यासकांत त्यांची गणना करावी लागते.

या अभ्यासांचे श्रेय मोठे असले तरी त्यांची भूमी मर्यादित होती. दादर आणि गिरगाव येथील शिकलेली स्त्री त्यांत दिसते. लालबागच्या चाळीतील खाणावळवाली, परळच्या गिरणीत साचा सांभाळणारी स्त्री फारशी दिसत नाही. ही पोकळी पुढे वेगळ्या मार्गाने भरली गेली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि अनेक घरांचा भार स्त्रियांवर आला. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात गिरणगावातील माणसे आपले आयुष्य आपल्याच शब्दांत सांगतात. संसाराविषयी ऐकावयाचे असेल तर आधी कहाणी ऐकावी, हा धडा अशा संकलनांतून मिळतो.

शब्दांची अडचण

मापनश्रेणीच्या रूपांतरात सर्वसाधारणपणे रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट-भाषांतराची पद्धत वापरली जाते. एक व्यक्ती मूळ मजकूर लक्ष्यभाषेत आणते आणि दुसरी तो पुन्हा मूळ भाषेत नेते. दोन्ही पाठ जुळले की रूपांतर विश्वसनीय मानले जाते. ही पद्धत चुका पकडते, परंतु अर्थाचे ओझे पकडत नाही. मराठीतील काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिला शब्द ‘समाधान’ हाच. इंग्रजीतील शब्दाला मराठीत दुसरा चांगला पर्याय नाही आणि उलट-भाषांतरात तो बिनचूक परत जातो. तथापि मराठीत समाधान ‘मिळते’, तसेच ते ‘मानून घेतले’ जाते. ‘आहे त्यात समाधान मानावे’ हा उपदेश प्रत्येक मुलीने ऐकलेला असतो. त्यामुळे ‘मी माझ्या वैवाहिक जीवनात समाधानी आहे’ या विधानाशी सहमत होणारी स्त्री तृप्त आहे की तिने तडजोड स्वीकारली आहे, हे आकड्यावरून समजत नाही. शिवाय समाधानी असणे हा मराठीत सद्गुण आहे. असमाधानी म्हटले की दोष परिस्थितीकडे न जाता बोलणाऱ्या स्त्रीकडे जातो.

याउलट ‘पटणे’ हे क्रियापद रोजच्या बोलण्यातले आहे. ‘त्यांचे पटत नाही’ या वाक्यात कोणी कर्ता नाही, म्हणून कोणाला दोष नाही. ज्या स्त्रीला ‘पतीविषयी असमाधानी’ म्हणवत नाही तिला ‘आमचे फारसे पटत नाही’ हे म्हणता येते. असा शब्द मूळ इंग्रजी प्रश्नावलीत नसल्यामुळे तो उलट-भाषांतराच्या मार्गाने मराठी प्रश्नावलीत कधीच येत नाही.

तिसरा शब्द ‘अबोला’. पाश्चात्त्य श्रेणीत भांडणांची वारंवारता विचारली जाते. भांडणे कमी, तर गुण जास्त. मराठी घरात मात्र संघर्षाचे सर्वांत तीव्र रूप अनेकदा अबोला असते. एका खोलीत दहा माणसे असताना मोठ्याने भांडता येत नाही. जेवणाचे ताट मुकाट्याने पुढे सरकते, निरोप मुलामार्फत जातो. अशा घरातील स्त्री ‘भांडण क्वचित’ असे उत्तर देईल आणि तिचा संसार उत्तम ठरेल.

चौथी अडचण नकारार्थी विधानांची आहे. ‘लग्न केल्याचा तुम्हाला पश्चात्ताप होत नाही?’ या प्रश्नाला मराठीत ‘हो, होत नाही’ आणि ‘नाही, होत नाही’ ही दोन्ही उत्तरे एकाच अर्थाची असतात. केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ वर खूण केली की अर्थ हरवतो. लेखी परीक्षेची सवय नसलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही चूक अधिक होणे संभवते.

पाचवा मुद्दा पतीच्या उल्लेखाचा. छापील मराठीत ‘पती’ किंवा ‘जोडीदार’ लिहिले जाते. बोलण्यात गिरगाव–दादरची मध्यमवर्गीय स्त्री ‘आमचे मिस्टर’ म्हणते, वयस्क स्त्री ‘हे’ म्हणते, गिरणगावातील कोकणी स्त्री ‘मालक’ किंवा ‘घोवा’ म्हणते. पतीचे नाव एरवी न घेता केवळ उखाण्यात घेण्याची प्रथा मागील पिढीपर्यंत दृढ होती. या प्रत्येक शब्दात अंतर आणि आदर यांचे वेगळे प्रमाण आहे. ‘जोडीदार माझ्याशी मनमोकळेपणाने बोलतो’ या विधानातील बरोबरी ‘मालक’ या शब्दासोबत टिकत नाही.

सहावे उदाहरण लॉक व वॉलेस यांच्या कसोटीतील आहे. पुन्हा आयुष्य मिळाले तर याच व्यक्तीशी विवाह कराल, दुसऱ्या व्यक्तीशी कराल की मुळीच करणार नाही, असे तिच्यात विचारले आहे. अमेरिकेत हा केवळ कल्पनेचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात त्याचे उत्तर दरवर्षी ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना दिले जाते. जन्मोजन्मी हाच पती मिळो, ही वटसावित्रीच्या व्रताची मागणी आहे. म्हणून येथे ‘हाच’ असे उत्तर आले तर ते व्रताचे की मनाचे हे ठरविणे कठीण आहे. फॉवर्स व ओल्सन यांनी आपल्या १५ विधानांपैकी पाच विधाने संसाराचे आदर्शीकरण ओळखण्यासाठी राखून ठेवली होती. त्यांचा हेतू योग्यच होता. परंतु प्रत्येक समाजाचा आदर्श वेगळा असतो, आणि तो ओळखणारी विधानेही त्या समाजातूनच यावी लागतात.

सातवा मुद्दा सासरचा. लॉक व वॉलेस यांच्या १५ प्रश्नांत सासरच्या माणसांशी वागण्याविषयी मतैक्य आहे का, एवढा एकच प्रश्न आहे. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांच्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे भारतात वधू एका आप्तसमूहात प्रवेश करते. ‘सासुरवास’ आणि ‘माहेर’ हे शब्द मराठी स्त्रीच्या अनुभवाचे दोन ध्रुव आहेत. ज्या प्रश्नावलीत सासू, नणंद, जाऊ आणि माहेरी जाण्याची मोकळीक यांना स्वतंत्र जागा नाही, ती मराठी संसाराचा केवळ एक तुकडा मोजते.

एकांताचा प्रश्न

भाषेइतकीच महत्त्वाची गोष्ट जागेची आहे. दहा बाय दहाच्या खोलीत मुलाखत चालू असताना सासू स्वयंपाकाच्या ओट्याशी असते, शेजारीण गॅलरीतून डोकावते, मुले अभ्यास करीत असतात. अशा वेळी दिलेले उत्तर हे स्त्रीचे नसून खोलीचे असते.

याची जाणीव मोठ्या पाहण्यांना हळूहळू झाली. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२–९३ मध्ये झाली. १९९८–९९ च्या दुसऱ्या फेरीत मारहाणीविषयी प्रश्न आले. २००५–०६ च्या तिसऱ्या फेरीत कौटुंबिक हिंसेचा स्वतंत्र विभाग करण्यात आला आणि त्यासाठी कडक नियम घालण्यात आले. एका घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारावयाचे आणि पूर्ण एकांत मिळाला नाही तर विचारावयाचेच नाहीत, असे ते नियम होते. प्रश्नांचे स्वरूपही बदलले. पती मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरच्यांशी संबंध ठेवू देतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवतो का, अशी प्रत्यक्ष वर्तनाची विचारणा झाली. विशेषणांऐवजी प्रसंग विचारल्यामुळे ‘समाधान मानण्या’ची पळवाट बरीच कमी झाली.

मुंबईत अशी आणखी दोन उदाहरणे आढळतात. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्त कार्यालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू झाला. तेथे येणारी स्त्री प्रथम आपली हकीगत सांगते. पुढे काय करावयाचे, याचा विचार त्यानंतर तिच्यासोबत होतो. वैद्यकीय क्षेत्रातही परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या मनोविकार विभागातील डॉ. दुनगाजी व त्यांचे सहकारी यांच्या सहभागाने मिचेल वाइस यांनी कुष्ठरुग्णांसोबत काम करून एक मुलाखतपद्धती विकसित केली. तिच्याविषयीचा लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाचे कथन आणि स्थानिक कल्पना आधी नोंदवावयाच्या व नंतर त्यांचे वर्गीकरण करावयाचे, हे तिचे सूत्र होते. विवाहाच्या प्रश्नावलीलाही हेच सूत्र लागू पडते.

निष्कर्ष

या मागोव्यावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट अशी की, मराठी विवाहितेला प्रश्न विचारण्याचा इतिहास परकीय मापनश्रेणीपासून सुरू होत नाही. न्यायालय, कामगार कार्यालय, मासिक, विद्यापीठ आणि पोलीस कक्ष यांनी आपापल्या गरजेनुसार तिला प्रश्न विचारले. प्रत्येकाने तिच्या संसाराचा एक भाग पाहिला : नांदणे, खर्च, देह, मत, हिंसा.

दुसरी गोष्ट, प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर अवलंबून राहिले आहे. मलबारींच्या टिपणांना पुरुषांनी उत्तरे दिली, समितीच्या प्रश्नावलीला शिकलेल्यांनी दिली आणि कर्व्यांच्या मासिकाला निनावी राहू शकणाऱ्यांनी दिली. म्हणून रूपांतराच्या चाचणीसाठी केवळ महाविद्यालयातील विवाहित विद्यार्थिनी अथवा शिक्षिका निवडणे पुरेसे नाही. दादरमध्ये सिद्ध झालेली प्रश्नावली लालबागमध्ये सिद्ध झाली असे मानता येत नाही.

तिसरी गोष्ट, सांख्यिकीय विश्वसनीयता म्हणजे अर्थाची खात्री नव्हे. समाधान ‘मानणाऱ्या’ शंभर स्त्रियांची उत्तरे एकमेकींशी उत्तम जुळतील आणि अंतर्गत सुसंगतीचा गुणांकही समाधानकारक येईल. त्यावरून त्या सुखी आहेत असे सिद्ध होणार नाही.

चौथी गोष्ट रूपांतरकारांच्या उपयोगाची आहे. विधाने रचण्यापूर्वी स्त्रियांच्या गटचर्चांतून ‘पटणे’, ‘अबोला’, ‘सांभाळून घेणे’, ‘तोडून बोलणे’ असे शब्द गोळा करावेत. नकारार्थी विधाने टाळावीत. सासर व माहेर यांना स्वतंत्र विभाग द्यावा. दूर राहणाऱ्या पतिपत्नींसाठी वेगळे निकष ठेवावेत. प्रश्न मोठ्याने वाचून, एकांतात आणि स्त्री मुलाखतकाराकडून विचारावेत. प्रश्नांमुळे एखादी व्यथा उघडी पडल्यास साहाय्य कोठे मिळेल, हे सांगण्याची व्यवस्था आधीच असावी.

या विषयाचे महत्त्व केवळ पद्धतिशास्त्रीय नाही. कुटुंब न्यायालयातील समुपदेशक, रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वयंसेवी संस्थांतील कार्यकर्ते अशा साधनांवर विसंबून निर्णय घेतात. प्रश्नावलीने एखाद्या स्त्रीला समाधानी ठरविले की तिला परत नांदावयास पाठविणे सोपे होते. १८८७ मध्ये रखमाबाईंना नकार देण्यासाठी तुरुंगाची तयारी ठेवावी लागली. आजच्या स्त्रीपुढे ठेवलेल्या कागदावर तिच्या नकारासाठी तिच्याच भाषेतील जागा असणे, ही प्रश्नावलीची पहिली कसोटी मानली पाहिजे.